सगळे भाग नवे, तरीही रायफल अडकते: घोडं नेमकं कुठे पेंड खातंय?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय समजून उत्तर देतोय ते तुम्हाला कळेल. तुमच्याकडे एम४ नमुन्याची, व्हर्जन २ गिअरबॉक्सची इलेक्ट्रिक एअरसॉफ्ट रायफल आहे. अशा रायफलीत मोटर गिअर फिरवते, गिअर पिस्टनला मागे ओढून स्प्रिंग ताणतात, आणि सुटलेला पिस्टन हवा ढकलून नोझलमधून (पुढच्या नळीतून) प्लॅस्टिकची छोटी गोळी, म्हणजे बीबी, उडवतो. मूळ स्थितीत ती वर्षभर कुरकुर न करता चालली. मग पल्ला वाढावा आणि ट्रिगर ओढताच शॉट सुटावा म्हणून तुम्ही एकाच बैठकीत सात भाग बदललेत: एम१२० स्प्रिंग, १३:१ चे गिअर (मोटरच्या साधारण १३ फेऱ्यांना एक शॉट), हाय-स्पीड मोटर, धातूच्या दातांचा पिस्टन, ॲल्युमिनियमचं पिस्टन हेड, ६.०३ मिलिमीटरची बॅरल आणि नवं हॉप-अप रबर (बीबीला उलटी गिरकी देऊन लांब नेणारं). वायरिंग, ट्रिगरचे कॉन्टॅक्ट आणि छोटा तामिया कनेक्टर मूळचेच राहिले. बॅटरी ११.१ व्होल्टची लिपो, ११०० एमएएच क्षमतेची, १५ सी, म्हणजे क्षमतेच्या १५ पट प्रवाह देऊ शकणारी.

आता तक्रारी तीन. सेमीवर (ट्रिगर एकदा ओढला की एकच शॉट) चार-पाच शॉट नीट जातात, मग नुसती टक होते आणि रायफल गप्प. सिलेक्टर फुल ऑटोवर (सलग शॉटवर) नेऊन ट्रिगर ओढला की सुटते. चालताना कर्कश किंचाळते आणि वायर गरम होते. आणि क्रोनोग्राफवर (वेग मोजणाऱ्या यंत्रावर) ०.२० ग्रॅमच्या बीबीला कधी ९५ तर कधी ११२ मीटर प्रतिसेकंद असा वेग दिसतो. तुम्ही विचारलंत, यातला खराब भाग कोणता आणि कोणता परत पाठवू?

माझं उत्तर असं की बहुधा एकही खराब नाही. सुटा सुटा पाहिला तर तुमचा प्रत्येक भाग चांगलाच असेल. पण त्यांचं एकमेकांशी सूत जुळलेलं नाही. म्हणून "खराब भाग कोणता" हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा आणि "कोणत्या दोन भागांच्या मध्ये बिघाड आहे" असं विचारा. मोटर आणि गिअर यांच्या मध्ये, बॅटरी आणि मोटर यांच्या मध्ये, नोझल आणि हॉप-अप रबर यांच्या मध्ये. या रायफलींत बिघाड बहुतेक वेळा अशा सांध्यांतच सापडतो.

असं का होतं, तेही सांगतो. टोकियो मारुईने १९९१ मध्ये फामास नमुन्याची पहिली इलेक्ट्रिक रायफल काढली आणि पुढे मारुईच्याच गिअरबॉक्सांच्या मापांवर इतर कारखान्यांनी आपापले भाग बेतले. त्यामुळे एकाचा पिस्टन दुसऱ्याच्या गिअरबॉक्समध्ये जातो खरा. पण "जातो" आणि "बसतो" यांत मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा फरक असतो आणि गिअरच्या दातांना तेवढा फरक पुरतो. मूळ रायफलमध्ये ही सगळी मापं कारखान्याने एकमेकांना जुळवून घेतलेली होती. सात भाग बदलल्यावर ते जुळवण्याचं काम तुमच्याकडे आलं.

आता थोडा हिशेब करू, कारण पहिल्या तक्रारीचं मूळ त्यातच आहे. एम१०० स्प्रिंग म्हणजे ०.२० ग्रॅमच्या बीबीला ढोबळमानाने सेकंदाला १०० मीटर वेग देणारी, एम१२० म्हणजे १२० मीटर देणारी. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे १०० मीटरला १ जूल, तर १२० मीटरला १.४४ जूल. मूळची स्प्रिंग एम१०० धरली, तर मोटरला दर शॉटला साधारण चव्वेचाळीस टक्के जास्त काम आलं. त्यावर तुम्ही गिअर १८:१ वरून १३:१ केलेत. सायकलवर चढाला मोठा गिअर टाकला की पायाला जसं जड जातं, तसंच इथे होतं. तीच स्प्रिंग ओढायला मोटरला १८ भागिले १३, म्हणजे जवळजवळ १.४ पट जोर लावावा लागतो. दोन्ही मिळून भार साधारण दुप्पट झाला. आणि हा दुप्पट भार तुम्ही हाय-स्पीड मोटरवर टाकलात, जी कमी जोर आणि जास्त फेरे यांसाठीच गुंडाळलेली असते. तेवढाच जोर काढायला ती हाय-टॉर्क मोटरपेक्षा जास्त विद्युतप्रवाह खेचते.

तो प्रवाह येणार कुठून? ११०० एमएएच आणि १५ सी म्हणजे १.१ गुणिले १५, कागदावर १६.५ अँपिअर. स्प्रिंग ताणायला सुरुवात करतानाचा झटका याहून बराच मोठा असतो. वर तामिया कनेक्टरच्या बारीक पिना आणि मूळची बारीक वायर. वायरमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. तुमची वायर गरम होते ती याच हिशेबाने.

मग फुल ऑटोवर ती सुटते कशी? सेमीमध्ये सेक्टर गिअरवरचा (तीन गिअरांपैकी पिस्टन ओढणाऱ्या गिअरवरचा) उंचवटा कट-ऑफ लिव्हरला ढकलतो, लिव्हर ट्रिगरचा कॉन्टॅक्ट सोडवतो आणि वीज तुटते. वीज तुटल्यावर गिअरांनी आपल्या वेगाने थोडं पुढे सरकून लिव्हरला मोकळं करायचं असतं. तेवढाही वेग उरला नाही तर उंचवटा लिव्हरच्या खालीच थांबतो. मग ट्रिगर कितीही ओढा, कॉन्टॅक्ट जुळतच नाही. फुल ऑटोमध्ये लिव्हर वाटेतून बाजूला ठेवलेला असतो, म्हणून वीज मिळते आणि चक्र पुढे सरकतं. ताकद अपुरी पडत असल्याचं हे ठरलेलं लक्षण आहे. मात्र कट-ऑफ लिव्हर झिजलेला किंवा वाकलेला असला तरी असंच दिसतं, म्हणून त्याची पाहणी शेवटी करायचीच.

इथे एक गोष्ट कान देऊन ऐका. ट्रिगर ओढल्यावर नुसती कोरडी टक होते, की टक होऊन मागे बारीक घुंई असा आवाज राहतो? कोरडी टक म्हणजे मोटरपर्यंत वीज पोचतच नाही. घुंई म्हणजे वीज पोचते, पण मोटरला गिअर फिरवता येत नाहीत, ती जागच्या जागी अडून बसली आहे. दुसऱ्या प्रकारात ट्रिगर लगेच सोडा. अडलेली मोटर सर्वांत जास्त प्रवाह खेचते, आणि दोन-तीन सेकंदांत कॉन्टॅक्ट, वायर किंवा मोटरची गुंडाळी यांपैकी काहीतरी जळतं.

माझ्या उत्तरातल्या काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकतो. तुमच्या गिअरबॉक्सचं कवच किती अचूक ओतलंय, बुशिंग (गिअरचे दांडे ज्यांत फिरतात ती कडी) ७ मिलिमीटरची आहेत की ८ ची, बॅटरी नवी आहे की दोन वर्षं वापरलेली, यांवर उत्तर थोडं बदलेल. स्प्रिंगवरचा आकडाही सगळ्या कारखान्यांचा सारखा नसतो. एकाची एम११० दुसऱ्याच्या एम१२० इतकी कडक निघते. शिवाय तुम्ही जिथे खेळता तिथली वेगाची किंवा जूलची मर्यादा काय आहे ते पाहा. १.४४ जूल अनेक ठिकाणी, विशेषतः बंदिस्त जागेत, चालतच नाही. मर्यादा १ जूलची असेल तर एम१२० चा प्रश्न तिथेच निकालात निघाला.

हात लावण्याआधी: मॅगझिन काढा, सुरक्षित दिशेला एक-दोन शॉट मारून चेंबर रिकामा करा, मग बॅटरी काढा. चाचणी घेताना डोळ्यांवर सुरक्षा-चष्मा हवाच, घरातल्या टेबलावर बसून घेत असाल तरीही. लिपो फुगलेली दिसली तर ती वापरायची नाही.

आता क्रम. मी नेहमी वीज, मग गिअर, मग हवा याच क्रमाने जातो. वीज तपासायला काही उघडावं लागत नाही, गिअर तपासायला सगळं उघडावं लागतं, आणि हवेची तपासणी गिअरबॉक्स उघडलेला असताना ओघात होऊन जाते.

विजेपासून सुरू करू. बॅटरी पूर्ण भरा. तीन सेलच्या लिपोला १२.६ व्होल्ट दिसले पाहिजेत, प्रत्येक सेलला ४.२. मग बॅलन्सच्या छोट्या कनेक्टरच्या दोन टोकांच्या पिनांवर मल्टिमीटर धरून कोणाला तरी ट्रिगर ओढायला सांगा. मल्टिमीटर क्षणाचा झटका पूर्ण पकडत नाही, पण अंदाज येतो. आकडा १० च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी कमी पडते आहे. आकडा बरा राहतोय आणि रायफल तरीही मेल्यासारखी चालतेय, तर अडथळा पुढे कुठेतरी आहे. मग दोन-चार शॉट मारून, बॅटरी काढून, बोटाने चाचपा: कनेक्टर जास्त गरम, की वायर, की मोटर? सर्वांत गरम जागा म्हणजे सर्वांत जास्त अडथळ्याची जागा. ही बोटाची परीक्षा मला मीटरइतकीच उपयोगी पडत आली आहे.

ग्रिपचा तळ उघडून मोटरच्या दोन्ही पिना पाहा. त्यांवरचे चपटे टर्मिनल सैल असतात, आणि ही जागा लोक हमखास विसरतात. एकदा माझ्याकडे एक रायफल आली होती. तिच्या मालकाने ओळीने दोन मोटरी बदलल्या होत्या आणि तिसरीच्या विचारात होता. लक्षण तुमच्यासारखंच, सेमीवर अडकणं. टर्मिनल हाताने हलवलं तर डुगडुगलं. पक्कडीने हलकंसं दाबून घट्ट केलं आणि रायफल पहिल्या ट्रिगरला चालू झाली. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार. दोन्ही जुन्या मोटरी उत्तम होत्या. तेव्हापासून कोणतीही रायफल आली की मी आधी ती टर्मिनलं हलवून पाहतो. लाल आणि काळी वायर उलट लागली नाही ना, तेही त्याच वेळी बघा. उलट लागली तर मोटर उलटी फिरू पाहते, अँटी-रिव्हर्सल लॅच (गिअर उलटे फिरू न देणारी खीळ) बेव्हल गिअरला, म्हणजे मोटरला भिडणाऱ्या पहिल्या गिअरला, अडवतो आणि सगळं जागीच ठप्प होतं.

ट्रिगरचे कॉन्टॅक्ट बघायला गिअरबॉक्स काढावा लागेल. ११.१ व्होल्टवर उघडे कॉन्टॅक्ट दर शॉटला ठिणगी मारतात, त्यांवर काजळी धरते आणि काजळीचा अडथळा वाढत जातो. तुमचे पहिले चार-पाच शॉट नीट जातात आणि मग अडतं, यात या काजळीचाही हात असू शकतो. बारीक पॉलिश पेपरने साफ करा, पण तो तात्पुरता इलाज आहे. ११.१ व्होल्ट ठेवायचेच असतील तर मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) बसवा. त्यात ट्रिगर फक्त इशाऱ्यापुरता बारीक प्रवाह वाहतो आणि मोठा प्रवाह बॅटरीतून मॉसफेटमार्गे थेट मोटरला जातो. त्याच वेळी वायर १६ गेजची करा आणि तामियाच्या जागी डीन्स कनेक्टर घ्या. डाख देताना तो चकचकीत आणि पूर्ण वितळलेला हवा; वरवर चिकटलेला मातकट डाख म्हणजे नवा अडथळा. मोटरच्या वाटेत फ्यूज असू द्या.

विजेचं एवढं झालं की कदाचित पहिली तक्रार निम्म्याहून जास्त जाईल. तरीही किंचाळणं राहील, कारण ते गिअरांचं आहे.

किंचाळण्याचा सर्वांत सोपा उपाय आधी करून पाहा. ग्रिपच्या तळाशी मोटरची उंची ठरवणारा स्क्रू असतो. तुम्ही मोटर बदलली, म्हणजे पिनियन गिअर (मोटरच्या दांड्यावरचा) आता बेव्हल गिअरमध्ये जुन्याइतकाच खोल जातोय याची खात्री नाही. फार आत गेला तर दाते एकमेकांना चिरडतात, आवाज जड होतो आणि मोटर तापते. फार बाहेर राहिला तर दातांची फक्त टोकं घासतात आणि कर्कश आवाज येतो. बॅटरी लावून, छोटे-छोटे शॉट मारत, स्क्रू एका वेळी पाव फेरा फिरवा आणि आवाज ऐका. सर्वांत मऊ आणि भरीव आवाजाची एक जागा सापडते. आवाज नितळ होतो पण पूर्ण जात नाही, किंवा अशी जागाच सापडत नाही, तर मग शिमिंग, म्हणजे गिअरांच्या दांड्यांवर पातळ चकत्या (शिम) घालून त्यांची उंची जुळवणं.

शिमिंगवर मी थोडा जास्त वेळ घेतो, कारण गिअर बदललेत म्हणजे ते टाळता येणारच नाही. तुमच्या जुन्या गिअरांची जाडी आणि नव्यांची जाडी एक नाही. जुने शिम जसेच्या तसे टाकले असतील (बहुतेक जण तेच करतात) तर गिअर एक तर बाजूला डुलत असतील किंवा कवचात चिमटले जात असतील.

उघडण्याआधी पाठीमागून अँटी-रिव्हर्सल लॅच सोडून स्प्रिंगचा ताण काढून टाका. कवचाचे दोन भाग वेगळे करताना स्प्रिंग गाइड बोटाने किंवा स्क्रू ड्रायव्हरने दाबून धरा, एम१२० जोरात उसळते. मग पिस्टन, स्प्रिंग, सिलिंडर सगळं बाहेर. जुनं ग्रीस पुसून टाका, ग्रीसमुळे घासण्याची जाणीव बोटाला होत नाही. बुशिंग कवचात सपाट बसलेत ना, हलत नाहीत ना, ते आधी पाहा. एखादं बुशिंग तिरकं असेल तर त्यापुढचं सगळं काम वाया. एवढ्या कडक स्प्रिंगला मी बॉल बेअरिंगऐवजी भरीव स्टीलची बुशिंगच पसंत करतो. बेअरिंग हलकी फिरतात हे खरं, पण ७ मिलिमीटरच्या बेअरिंगमधल्या इवल्याशा गोळ्या या भाराखाली फुटलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि एक फुटली की तिचे तुकडे तिन्ही गिअर चावून काढतात.

मी बेव्हल गिअरपासून सुरू करतो. कवचाच्या अर्ध्या भागात तो ठेवून, ग्रिप आणि मोटर लावून, पिनियनशी त्याची उंची जुळवतो: दाते पूर्ण रुंदीने भिडले पाहिजेत आणि तरी केसभर मोकळीक राहिली पाहिजे. शिम ०.१ पासून ०.५ मिलिमीटरपर्यंत मिळतात, त्यांतून हवी ती जाडी जुळवायची. मग मधला स्पर गिअर. तो शक्य तितका खाली बसवतो, कवचाला न घासता. शेवटी सेक्टर, जो स्परला किंवा बेव्हलला घासता कामा नये. प्रत्येक गिअरला वर-खाली साधारण ०.१ मिलिमीटरची हालचाल ठेवतो, बोटाला जेमतेम जाणवेल एवढी.

आणि प्रत्येक तपासणी कवच बंद करून, सगळे स्क्रू आवळून करायची. सुरुवातीच्या काळात मी कवच नुसतं हाताने दाबून धरत असे आणि गिअर मोकळे फिरले की खूश होत असे. स्क्रू आवळल्यावर तेच गिअर जखडायचे, आणि ते मला रायफल पूर्ण जोडून झाल्यावर कळायचं. तीन वेळा उघडझाप केल्यावर हा धडा बसला. स्क्रू आवळून, बोटाने सेक्टरला टिचकी मारली की गिअर थोडा वेळ आपसूक फिरत राहिले पाहिजेत आणि थांबताना झटका बसता कामा नये.

जमल्यास पिनियन आणि बेव्हल एकाच कारखान्याचे घ्या. दातांचा उतार वेगवेगळा असेल तर कितीही शिमिंग केलं तरी किंचाळणं पूर्ण जात नाही. ते दाते एकमेकांना घासून जुळवून घेतात आणि तोवर दोन्ही झिजलेले असतात.

गिअरबॉक्स उघडाच आहे तोवर पिस्टनचे दाते भिंगाखाली बघा. बिघाडाचा इतिहास त्यांवर लिहिलेला असतो. पिस्टन पुढे असताना सेक्टरचा पहिला दात पिस्टनच्या सर्वांत मागच्या दाताला उचलतो. तो मागचा दात चेपला किंवा गोलसर झाला असेल तर भिडण्याचा कोन चुकला आहे. पिस्टन हेड बदलल्यावर हे सहज होतं, कारण नव्या हेडची जाडी निराळी असते आणि पिस्टन पुढे-मागे सरकतो. सिलिंडर हेडवर योग्य जाडीची मऊ चकती चिकटवून पिस्टन किंचित मागे आणता येतो, म्हणजे दोन्ही दाते सपाट भिडतात. मागून दुसरा दात काढून टाकतात तोही यासाठीच.

उलट, पुढच्या बाजूचे दाते, म्हणजे पिस्टन हेडजवळचे, तुटले असतील तर गोष्ट वेगळी आहे. पिस्टन पूर्ण पुढे पोचण्याआधीच सेक्टरने पुढचं चक्र सुरू केलं आणि धावत्या पिस्टनला आडवा गेला. वेगवान गिअर, जास्त व्होल्ट आणि जड पिस्टन एकत्र आले की याची शक्यता वाढते. म्हणूनच सांगतो, आज तुमची रायफल ताकदीअभावी अडकते आहे, पण नुसती मोठी बॅटरी लावून तुम्ही ते अडकणं घालवलंत तर आगीतून फुफाट्यात जाल. १३:१ गिअर आणि ११.१ व्होल्ट पूर्ण ताकदीने फुल ऑटोवर चालले की तुमचा धातूच्या दातांचा, वजनदार पिस्टन परत यायला उशीर करणार, आणि त्या वेळी तुटणारा दात स्टीलचा असल्यामुळे सोबत सेक्टर गिअरही घेऊन जाणार.

कट-ऑफ लिव्हर इथेच तपासा. त्याचं टोक झिजून गोल झालंय का, तो वाकलाय का, त्याची छोटी स्प्रिंग जागेवर आहे का. भाग छोटा आहे, शंका आली तर सरळ बदलून टाका.

आता हवा. वेग सतत कमी दिसत असता तर मी म्हटलं असतं, गळती आहे किंवा स्प्रिंग मऊ आहे. पण तुमचा वेग हेलकावे खातोय. ९५ मीटरला ०.९ जूल होतात आणि ११२ मीटरला १.२५. एकाच स्प्रिंगमधून दर शॉटला इतकी वेगवेगळी ऊर्जा निघते, म्हणजे हवा कधी पूर्ण बीबीमागे जाते, कधी वाटेत फुटते. असं वागणारी जागा बहुधा नोझल आणि हॉप-अप रबर यांचा सांधा असते, कारण बाकीचे सांधे स्थिर असतात आणि हा एकच दर शॉटला उघडतो आणि मिटतो.

आधी सिलिंडर, पिस्टन, सिलिंडर हेड आणि नोझल जोडून हातात घ्या. नोझलच्या तोंडावर बोट दाबून पिस्टन पुढे ढकला. तो हवेच्या उशीवर अडून राहायला हवा. सुस्कारत पुढे सरकला तर ओ-रिंग, सिलिंडर हेड किंवा नोझल, एकेक करून पाहा. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसच लावा. पेट्रोलियमवर आधारलेलं ग्रीस अनेक रबरांना फुगवतं आणि खराब करतं. गिअरांचं ग्रीस वेगळं, सिलिंडरचं वेगळं, हे कायम पाळा.

ही परीक्षा पास झाली तर नोझल आणि रबराकडे या. एम४ नमुन्याला साधारण २१.४ मिलिमीटरची नोझल लागते, पण नव्या हॉप-अप रबराचे ओठ जुन्यापेक्षा जाड-पातळ असल्यास तीच नोझल आखूड पडते. टॅपेट प्लेटची (नोझल मागे-पुढे करणाऱ्या पट्टीची) स्प्रिंग कमजोर असेल तरी नोझल पूर्ण पुढे येत नाही आणि मधूनमधून हवा बाजूने निसटते. हॉप-अप पूर्ण बंद करून, ०.२० ग्रॅमच्या एकाच पाकिटातल्या बीबीने दहा शॉट क्रोनोवर मारा. मग हॉप-अप थोडं चढवून पुन्हा दहा. बंद असतानाही हेलकावे तेवढेच असतील तर सांधा गळतोय. चढवल्यावरच वाढत असतील तर रबर बॅरलवर तिरकं बसलंय किंवा त्याला तेल लागलंय. नवं रबर बसवताना बरेच जण आतून सिलिकॉन तेल फवारतात; ते बीबीवर पसरतं आणि शॉट कुठेही जातात. रबर साबणाच्या पाण्याने धुऊन, कोरडं करून बसवा.

बॅरलबद्दल फार बोलत नाही. ५.९५ मिलिमीटरच्या बीबीला ६.०३ मध्ये मोकळीक कमी असते, म्हणून ती स्वच्छ ठेवावी लागते आणि बीबी चांगले लागतात. एवढ्यावर तुमच्या तीनही तक्रारींचा दोष तिच्याकडे जात नाही.

तुमच्या जागी मी काय केलं असतं? १८:१ चे मूळ गिअर परत बसवले असते, शिमिंग नव्याने करून. स्प्रिंग एम१००, आणि मैदानाची मर्यादा परवानगी देत असेल तरच एम११०. हाय-स्पीड मोटर काढून हाय-टॉर्क घेतली असती. ट्रिगर चटकन लागण्यासाठी मोटरला जागच्या जागेवरून उठण्याचा जोर हवा असतो, आणि तो हाय-टॉर्कमध्ये असतो. बॅटरी ७.४ व्होल्टची पण जास्त सी ची, मॉसफेट, जाड वायर. हॉप-अप रबर आणि बॅरल ठेवली असती, सात भागांपैकी तुम्हाला खरोखर पल्ला देणारे ते दोनच आहेत. नीट बसलेलं रबर ०.२८ ग्रॅमच्या बीबीला १ जूलमध्ये सरळ आणि लांब नेतं. बाहेर पडतानाचा वेग हलक्या बीबीपेक्षा कमी दिसेल, पण जड बीबी तो वेग हवेत जास्त वेळ टिकवतो आणि वाऱ्याने कमी भरकटतो.

आणि हे सगळं एका वेळी एकच. एक भाग बसवला की दहा शॉट क्रोनोवर, पन्नास शॉट सेमीवर, मोटरला हात लावून पाहायचं, वहीत लिहायचं, मग पुढचा भाग. वेळखाऊ आहे, पण पाचव्या भागाला काही बिनसलं तर ते पाचव्यानेच बिनसलं हे तुम्हाला लगेच कळेल.

थोडक्यात, या आठवड्यात एवढंच करा: मोटरची टर्मिनलं घट्ट, बॅटरीचा आकडा ट्रिगर ओढताना, मोटरच्या उंचीचा स्क्रू, आणि अडकल्यावर येणारा आवाज कोरडा की घुंईवाला ते कान देऊन ऐकणं. गिअरबॉक्स उघडलात तर पिस्टनच्या दातांचा बाजूने काढलेला फोटो, ट्रिगरच्या कॉन्टॅक्टचा फोटो आणि हॉप-अप बंद ठेवून घेतलेले दहा आकडे पाठवा. मागचा दात गेलाय की पुढचे, हे एकदा दिसलं की पिस्टन ठेवायचा की बदलायचा ते मी नक्की सांगू शकेन.